लग्नसराईतली कात्रणं

खणभागातल्या आमच्या प्रेसवर
चैत्र आधी कटिंग मशीनखाली येतो,
मग झाडांवर.
दस्तगीरचाचा चाक फिरवून गठ्ठा दाबतात,
पातं उतरतं, खर्रर,
आणि पत्रिकांच्या कडेची बोटभर पट्टी
माझ्या पायाशी पडते :
कुंकवाची, हळदीची, मोरपिशी,
एखादी सोनेरी वर्ख लागलेली.

रद्दीवाला पोती नेतो, चिंधोट्या नेत नाही.
मालकांना विचारलं, घरी नेऊ का?
ते चष्म्यावरून म्हणाले, मालनबाई,
पापड लाटणार का काय त्याचे?

पापड नाही. पांगारा केला.
हरिपूरच्या वाटेला एक आहे ना, तसाच,
अंगावर पान नाही, नुसता पेटलेला.
खोडाला खोक्याचा पुठ्ठा,
खळ बाइंडिंगचीच, डब्याच्या तळाला वाळलेली,
कोमट पाण्यात बोटानं ढवळून उठवलेली.
झाड झालं.
पण मुकं.

मग ते तीनशेचं बंडल.
लग्न मोडलं, न्यायला कुणी आलंच नाही.
गेल्या वैशाखापासून जिन्याखाली,
वर चहाचे कप ठेवून ठेवून
वरच्या पत्रिकेतल्या गणपतीभोवती
तपकिरी गोल गोल.
पाडव्याच्या झाडलोटीत मालक म्हणाले,
काढा ते आधी, अपशकुनी.

कागदात काय असतं अपशकुनी?
जाड, गुळगुळीत, हाताला थंड लागणारा.
नावांना मी कात्री लावली नाही.
नुसतं पुढचं तेवढं घेतलं : चि.
त्याच्या आधी एक, तिच्या आधी एक,
टिंबासकट.
टिंबाचा डोळा झाला.
पोटाला हळदी पट्टी, शेपटीला वर्ख,
आणि रात्री अकराला, शेजारचा टीव्ही बंद झाल्यावर,
माझ्या पांगाऱ्यावर एकदम
चि. चि. चि. चि.
चाळीस झाल्या. मग झोप आली.

(नवरीच्या नावापुढचं सौ. कां. उरलं.
त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
बरणीत आहे.)

बाकी दिवसाचं विशेष काही सांगण्यासारखं नाही.
मार्केट यार्डाकडून वारा सुटला
की घामालाही हळदीचा वास येतो.
दुपारी दोनला मशीन थांबतं,
चाचा भडंगाची पुडी सोडतात, मी पिशवीतली कैरी काढते.
ती कापायची नाही, पायरीवर आपटून फोडायची,
त्याशिवाय तिला चव नाही.
एक डोळा आपोआप मिटतो.
तेवढ्यात लाइट गेली
तर आणखी अर्धा तास कुणाच्या बापाचा नाही.

झाड मालकांनीच काउंटरमागे टांगलं,
पापडाचं काही बोलले नाहीत.

परवा एक मुलगी आली, स्कूटीची किल्ली बोटात फिरवत.
लेबलं छापायचीत.
काय नावानं?
प्रणोती घरगुती कांदा-लसूण मसाला, पाव किलो.
माझं पेन थांबलं.
हे नाव मी तीनशे वेळा बाजूला ठेवलं होतं.

ती झाडाकडे बघत होती.
जवळ गेली. नखानं एक शेपटी हलवली.
हा कागद मीच पसंत केला होता, म्हणाली,
चार दुकानं फिरून.
पंखा तेवढा वाजत राहिला.
आणि मग हसली, म्हणजे आधी नाकातून, मग मोठ्यानं,
लग्नात नाही, निदान इथं तरी
कुणीतरी बसलं जेवायला पंगत करून!
एक नेऊ?
दोन ने, म्हटलं.
एकच नेली. मोबाइलच्या कव्हरात घातली.

काल लेबलं कापली.
कडा निघाल्या मसाल्याच्याच रंगाच्या,
चाचांनी विचारलंसुद्धा नाही, उचलून माझ्या पिशवीत कोंबल्या.
तिनं नमुन्याला दिलेली पुडी मालकांनी
वास बघायला म्हणून दातानं फोडली
आणि पहिली शिंक त्यांची, दुसरी चाचांची,
मग माझ्या चार सलग.
डोळे पुसून वर बघते तर
भिंतीवरच्या सगळ्या
थरथरत होत्या.